माउंट अ‍ॅडम्स, जून महिना: दक्षिण सोंडेने चढून नैऋत्य नाळेतून स्नोबोर्डवर खाली

सिएटल, रेडमंड, पोर्टलंड या पट्ट्यातल्या मराठी मंडळींत सह्याद्रीत पाय तयार झालेले बरेच जण आहेत. त्यातल्या काहींना इथल्या हिवाळ्यात स्नोबोर्डची गोडी लागते. मग लिफ्ट बंद झाल्या की नजर जाते ती जून-जुलैतही पांढऱ्या राहणाऱ्या ज्वालामुखींकडे. त्यांच्यासाठी हे टिपण. डोंगर एकच घेतला आहे, माउंट अ‍ॅडम्स, कारण पहिल्या ज्वालामुखीसाठी आमच्या मते याच्याइतका योग्य दुसरा नाही.

उंची 12,276 फूट. वॉशिंग्टन राज्यात रेनियरच्या खालोखाल याचाच नंबर. रेनियरवर हिमनदीतल्या भेगांमुळे दोर लागतो आणि भेगेत पडलेल्याला बाहेर काढायचं तंत्रही यावं लागतं. हुडच्या शेवटच्या टप्प्यात वरून बर्फाचे तुकडे सुटत असतात. सेंट हेलेन्स सोपा आहे, पण उतार आखूड, आणि माथ्यावर विवराच्या बाजूला पोकळीवर पुढे आलेलं बर्फाचं छज्जं असतं. अ‍ॅडम्सची दक्षिण सोंड भेगाळ हिमनद्या टाळून वर जाते, त्यामुळे दोर लागत नाही. गाडी लावतो ते कोल्ड स्प्रिंग्ज सुमारे 5,600 फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून थोडं वरच. तिथून साधारण 6,700 फुटांची चढण, येऊन-जाऊन 12 मैल. आणि एवढ्या कष्टाचं फळ म्हणजे पायकर्स पीक या फसव्या माथ्याच्या पश्चिम अंगाने सुटणारी नैऋत्य नाळ. साधारण 35 अंशांचा, मध्ये कुठेही न तुटणारा, साडेतीन-चार हजार फुटांचा उतार. असा उतार अमेरिकेत फार थोड्या ठिकाणी मिळतो.

दोर लागत नाही म्हणून हा डोंगर हलका समजू नये. रिसॉर्टवरच्या ब्लॅक डायमंड, म्हणजे अवघड दर्जाच्या उतारावर, सकाळच्या कडक बर्फात, टाचेच्या आणि बोटांच्या अशा दोन्ही कडांवर सहज थांबता येत असेल तरच या नाळेचा विचार करावा. आइस अ‍ॅक्सने, म्हणजे बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीने, घसरण थांबवण्याचा सराव हाताला हवा. उत्तरकाशी किंवा मनालीला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलेल्यांना तो असतो. बाकीच्यांनी मे महिन्यात एखाद्या सुरक्षित, खाली मोकळं पठार असलेल्या उतारावर पोटावर, पाठीवर, डोकं खाली अशा सगळ्या अवस्थांत घसरून पाहावं.

आता मुख्य गोष्ट. या चढाईत सगळं काही घड्याळावर अवलंबून असतं. उन्हाळ्यातला बर्फ जुना असतो. दिवसा वरचा थर वितळतो, रात्री गोठतो, आणि असं रोज होत राहिलं की कणांच्या कडा झिजून ते साबुदाण्यासारखे गोल होतात. पहाटे हे दाणे एकमेकांना घट्ट धरून बसतात, त्या वेळी बोर्डची कड नुसती करकरते. ऊन चढलं की वरचा इंच-दोन इंच थर सुटतो आणि खालचा थर अजून पक्का असतो. हाच तो कॉर्न. तो दीड-दोन तास टिकतो. त्यानंतर खालचाही थर सैल होतो, बोर्ड रुतायला लागतो आणि ओल्या बर्फाच्या घसरणी सुरू होतात. लवकर पोचलात तर 35 अंशांच्या कडक बर्फावर उभे राहाल, तिथे एक कड निसटली तर थांबायला काहीच नाही. उशिरा पोचलात तर मांड्या जाळणारा लगदा. दोन्हींत लवकर पोचणं बरं, कारण वर बसून वाट पाहता येते.

बर्फ गोठायला हवा थंड असलीच पाहिजे असं नाही. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर बर्फ स्वतःची उष्णता आकाशाकडे सोडत राहतो. हवेचं तापमान शून्याच्या दोन-तीन अंश वर असलं तरी पृष्ठभाग छान गोठतो. उलट ढगाळ रात्री पारा शून्याजवळ असूनही बर्फ ओलाच राहतो. म्हणून नॅशनल वेदर सर्व्हिसच्या अंदाजात डोंगरावरचाच बिंदू निवडावा आणि नुसतं तापमान न बघता रात्रीच्या ढगांची आणि वाऱ्याची ओळ आधी वाचावी. सलग दोन निरभ्र रात्री आणि माथ्यावर ताशी 20 मैलांच्या आतला वारा, हे चांगलं गणित. वारा जोराचा असेल तर भर दुपारीही वरचा हजार फूट बर्फ सुटत नाही. हिमस्खलनाचे नियमित अंदाज वसंतातच बंद होतात, त्यामुळे जूनमध्ये बर्फाची परीक्षा आपली आपणच घ्यायची असते.

नैऋत्य नाळेवर ऊन तिरकं आणि उशिरा येतं. शिवाय इथे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे केलेलं असतं, सूर्य डोक्यावर येतो तो एकच्या सुमारास. जूनच्या मध्यावर, स्वच्छ दिवशी, नाळेचा वरचा भाग साधारण साडेअकरा ते दीडच्या दरम्यान तयार होतो. चढण्याच्या वाटेचा दक्षिण उतार त्याआधी, साडेनऊ-दहालाच मऊ व्हायला लागतो. म्हणजे क्रॅम्पॉनवर (बुटाखाली बांधायच्या धातूच्या दातांवर) चढायचं ते दक्षिण उतार कडक असताना, आणि उतरायचं ते नाळ सुटल्यावर. आता उलटं मोजा. कोल्ड स्प्रिंग्जपासून लंच काउंटर नावाच्या खडकाळ पठारापर्यंत, म्हणजे नऊ हजार फुटांच्या थोडं वर, पाठीवर बोर्ड घेऊन साडेचार तास. तिथून पायकर्स पीक, सुमारे 11,650 फूट, तीन तास. पुढे खरा माथा एक ते सव्वा तास, आणि परत पायकर्स पीकवर यायला पाऊण तास. बेरीज साडेनऊ तास. साडेअकराला नाळेच्या तोंडाशी यायचं तर पहाटे दोनला निघायला हवं. ज्यांचा वेग कमी आहे त्यांनी मध्यरात्री निघावं.

लंच काउंटरवर तंबू टाकून दोन दिवसांत करणारे खूप असतात, आणि निव्वळ चढाई असेल तर ते ठीकच आहे. पण नैऋत्य नाळ लंच काउंटरला पूर्ण बगल देऊन पश्चिमेकडून खाली जाते. तंबू तिथे ठेवलात तर नाळेतून उतरल्यावर पुन्हा भर उन्हात, लगद्यातून वर चढून तो आणायला जावं लागतं. मुक्काम हवाच असेल तर दोन पर्याय आहेत: चढलेल्याच दक्षिण उतारावरून बोर्डने तंबूपर्यंत यायचं आणि नाळ सोडून द्यायची, नाहीतर आदल्या रात्री गाडीपाशीच झोपायचं. आम्ही दुसरा सुचवतो. पाठीवरचं सात-आठ किलो ओझं त्यातच वाचतं.

परमिटचं काम आधी उरकावं. 1 मे ते 30 सप्टेंबर या काळात सात हजार फुटांच्या वर जायला प्रत्येकी परमिट लागतं. ते रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी वेबसाइटवर मिळतं, आणि फोनवर उतरवून ठेवावं, कारण वर रेंजचा भरवसा नाही. ट्राउट लेक गावात रेंजर स्टेशन आहे. निघण्याआधी तिथे फोन करून रस्ता कुठपर्यंत उघडा आहे ते विचारायचंच. शेवटचा कच्चा रस्ता खाचखळग्यांचा आहे, आणि साधारण जूनच्या मध्यापर्यंत बर्फाने अडलेला असू शकतो. दोन मैल आधी गाडी लावावी लागली तर वरच्या हिशेबात जाताना तासभर वाढवा. पाणी गावातच भरून घ्या. मलविसर्जनासाठीची पिशवी प्रत्येकाने न्यायची आणि भरून परत आणायची. ज्वालामुखीच्या राखेत आणि बर्फात काहीही कुजत नाही, आणि खालचे लोक तोच बर्फ वितळवून पितात.

सामानात सगळ्यात जास्त घोळ होतो तो क्रॅम्पॉनचा. स्नोबोर्डचे बूट मऊ आणि रुंद, पुढे-मागे खाच नसलेले. स्की बुटांचे टाचेला खटका असलेले क्रॅम्पॉन त्यांवर बसत नाहीत. पुढे आणि मागे प्लास्टिकची वाटी आणि पट्टे असलेले, 10 किंवा 12 दातांचे पोलादी क्रॅम्पॉन घ्यावेत. बूट मोठा असेल तर मधली पट्टी लांब मापाची वेगळी घ्यावी लागते, आणि हे दुकानातच बूट नेऊन तपासावं. पट्टे न बांधता क्रॅम्पॉन बुटाला लावून बूट उचलून हलवा. गळून पडला तर माप चुकलं. अ‍ॅल्युमिनियमचे हलके असतात, पण लंच काउंटरच्या आसपासच्या खडकांवर त्यांचे दात लवकर बोथट होतात. खाली बर्फाचे गोळे चिकटू न देणारी प्लेट असायलाच हवी, सकाळी दहानंतर तिच्यावाचून चालता येत नाही. पट्टे घरी, दिव्याच्या उजेडात, हातमोजे घालून बांधून पाहा. बोटांवरचा पट्टा फार आवळला तर मऊ बुटातून रक्त अडतं आणि पहाटे पाय बधिर होतात. पट्टा वाटीला आवळावा, पायाला नव्हे.

स्प्लिटबोर्ड (उभे दोन भाग करून स्कीसारखा चढायला वापरता येणारा बोर्ड) की साधा बोर्ड? मे महिन्यात, रस्त्यापासूनच बर्फ असताना, स्प्लिटबोर्ड फार उपयोगी. जूनच्या शेवटी खालचे मैलभर तर माती-दगडच असतात, आणि वरचा बर्फ इतका कडक की स्किन, म्हणजे चढताना तळाला लावायची मागे न घसरणारी पट्टी, धरत नाही. तेव्हा साधा बोर्ड पाठीवर उभा बांधून क्रॅम्पॉनवर चालणं सरळ पडतं. बोर्ड आणि बाइंडिंग (बूट बोर्डला धरून ठेवणारी पट्ट्यांची पकड) मिळून साडेचार-पाच किलो होतात. बोर्ड उभाच बांधावा. आडवा बांधला की पायकर्स पीकच्या वाऱ्यात अंगच फिरतं. तळाला उबदार तापमानाचं वॅक्स लावा आणि खिशात घासून लावायची वडी ठेवा. उन्हाळी बर्फावर धूळ आणि परागकण बसलेले असतात, त्यात कोरडा तळ अचानक अडतो आणि माणूस तोंडावर पडतो. कडा धारदार हव्यात.

बाकी: 60 सेंटिमीटरच्या आसपासची आइस अ‍ॅक्स, हेल्मेट, एक-दोन ट्रेकिंग पोल, डोक्याला बांधायचा दिवा आणि त्याची जादा बॅटरी, वाऱ्याचं जाकीट, एक पफ जाकीट, दोन जोड हातमोजे, उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र. पाणी तीन लिटर. छोटा स्टोव्ह नेलात तर बर्फ वितळवताना भांड्यात आधी दोन घोट पाणी घाला, नुसत्या बर्फाने तळ करपतो आणि पाण्याला जळका वास येतो. खायला दर तासाला थोडं. इथले एनर्जी बार पहाटेच्या थंडीत दाताने तुटत नाहीत. गूळपोळी मऊ राहते आणि उंचीवर जेव्हा गोड नकोसं होतं तेव्हा चकली-शेंगदाणे पोटात जातात.

वाट खाली जळलेल्या जंगलातून जाते. 2012 च्या वणव्यातले काळे-राखाडी खोड अजून उभे आहेत. अंधारात बर्फाचे पट्टे सुरू झाले की पायवाट हरवते, म्हणून फोनच्या ऑफलाइन नकाशावर रेघ आधीच उतरवलेली हवी. सोंड लागली की दिशा सोपी होते. लंच काउंटर हे खडकांचं, वाऱ्याला आडोसे रचलेलं पठार. इथे थांबून क्रॅम्पॉन, हेल्मेट, अ‍ॅक्स असा सगळा जामानिमा चढवायचा आणि सनस्क्रीनचा पहिला जाड थर लावायचा. नाकपुड्यांच्या आत, हनुवटीखाली, कानांच्या मागेही. बर्फावरून ऊन खालून वर येतं, सावळी कातडीही भाजते. गडद चष्मा सूर्योदयापासूनच. डोळे भाजले आहेत हे कळतं ते सहा-आठ तासांनी, तेव्हा उपाय उरत नाही.

लंच काउंटर ते पायकर्स पीक ही खरी चढण. समोर दिसतो तोच माथा असं वाटत राहतं, पण तो माथा नाही. पावलांच्या पायऱ्या बहुधा असतात, त्यांच्यावरून एका लयीत चढावं. बाजूला लोकांच्या बसून घसरण्याने खोल पन्हळी पडलेल्या असतात. या पन्हळींत सकाळी घट्ट बर्फ असतो, त्यांतून चढूही नये आणि बोर्डने ओलांडूही नये. बसून घसरायची वेळ आलीच तर क्रॅम्पॉन आधी काढायचे. एक दात बर्फात अडकतो, शरीर पुढे जातं आणि घोटा मोडतो. ही टाळता येण्याजोगी दुखापत आहे.

पायकर्स पीकवर पोचल्यावर समोर खिंड आणि तिच्यापलीकडे खरा माथा दिसतो. स्नोबोर्डवाल्यांनी इथे विचार करावा. माथ्यावरून खिंडीपर्यंत छान उतार आहे, पण खिंड लांब आणि सपाट आहे, आणि पायकर्स पीकवर परत येताना थोडं चढावंही लागतं. माथ्याजवळचा बर्फ बहुतेक वेळा वाऱ्याने खडबडीत झालेला असतो. आमच्या मते बोर्ड पायकर्स पीकवर ठेवावा, तोही पालथा, बाइंडिंग बर्फात दाबून आणि अ‍ॅक्सऐवजी पोलने खिळवून. अ‍ॅक्स आपल्याबरोबर माथ्यावर न्यायची आहे. माथ्यावर बर्फाखाली अर्धी गाडलेली जुनी लाकडी झोपडी आहे. शंभरेक वर्षांपूर्वी वणव्यांवर नजर ठेवायला बांधलेली. 1930 च्या दशकात याच माथ्यावर गंधकाच्या खाणीसाठी खोदकामही झालं. दक्षिणेला हुड, पश्चिमेला डोकं उडालेला सेंट हेलेन्स, वायव्येला रेनियर.

समुद्रसपाटीवरून एका दिवसात बारा हजार फुटांवर आल्याने डोकं दुखणं, मळमळणं होतंच. चालताना तोल जायला लागला किंवा उलट्या थांबेनात तर माथा विसरून लगेच खाली. आणि घड्याळात बारा वाजून गेले असतील तर पायकर्स पीकवरूनच परत फिरावं. माथ्यासाठी नाळ घालवू नये.

नाळेच्या तोंडाशी आल्यावर लगेच बोर्ड घालू नका. बुटाची टाच जोरात मारा. अर्धा इंचही आत गेली नाही तर बसून राहा, दर दहा मिनिटांनी पुन्हा मारा. दीड-दोन इंच जाऊन खाली टणक लागलं की वेळ झाली. घोटा बुडायला लागला, किंवा हाताने सोडलेला बर्फ गडगडत मोठा चक्राकार गोळा होत गेला, तर नाळ सोडा आणि चढलेल्या वाटेने खाली जा.

बोर्ड घालणं हे इथलं सगळ्यात नाजूक काम. अ‍ॅक्सने दोन फूट रुंद, आत कललेला ओटा खणा. अ‍ॅक्स वरच्या बाजूला पूर्ण रोवा. बोर्डला हात लावण्याआधी पुढच्या पायाचा क्रॅम्पॉन काढा, बुटाच्या तळाचा बर्फ खरवडा, नाहीतर बाइंडिंगचा पट्टा अर्धाच लागतो आणि तिसऱ्या वळणावर सुटतो. मग बोर्ड ओट्यावर आडवा ठेवून पाय आत. मागच्या पायाचा क्रॅम्पॉन तोपर्यंत पायातच, उतारात रोवलेला. पुढचा पाय बांधून झाला की मगच तो काढायचा. सुटलेला बोर्ड चार हजार फूट थांबत नाही, आणि खाली माणसं असतात.

पहिली पाच-सात वळणं आखूड घ्या, बर्फ कसा धरतो ते पाहा. वळणामागे सुटलेला ओला बर्फ आपल्याबरोबर खाली वाहत येतो. दर चार-पाच वळणांनी तिरकं सरकून त्याला पुढे जाऊ द्यावं. एका वेळी एकानेच उतरावं, थांबायचं ते कडेच्या खडकाच्या आडोशाला, पण खडकाला चिकटून नाही, कारण तापलेल्या खडकाभोवती बर्फ आतून पोकळ झालेला असतो. जुलैत नाळेच्या तळाकडे खळगे पडतात, तिथे वेग आधीच कमी करावा. गुलाबी पट्टे दिसले तर ते शेवाळाचे. तिथे बर्फ जास्त ओला असतो आणि बोर्ड अडतो.

शेवटचा डाव बाहेर पडण्याचा. उतार इतका चांगला लागलेला असतो की थांबवत नाही, आणि तिथेच लोक फसतात. आठ हजार ते साडेसात हजार फुटांच्या दरम्यान उतरणाऱ्याच्या डाव्या हाताला सरकायला सुरुवात करावी. हा बिंदू आदल्या दिवशीच नकाशावर खुणावून ठेवावा. खूप खाली गेलात तर दक्षिण वाटेपासून लांब, जळक्या ओंडक्यांच्या आणि ओढ्यांच्या रानात दोन-तीन तास जातात. डावा पाय पुढे ठेवणाऱ्यांचं हे सरकणं सगळं टाचेच्या कडेवर होतं, मांड्या भरून येतात. उजवा पाय पुढे असणाऱ्यांना ते बोटांच्या कडेवर, पोटऱ्यांवर घ्यावं लागतं आणि खालचं नीट दिसत नाही, म्हणून मध्ये थांबून मागे वळून पाहावं. उंची जपून, वेग न तोडता जायचं. एकदा सपाटीवर थांबलं की साधा बोर्ड काढून चालण्यावाचून इलाज नाही. धुकं आलं तर अंदाजाने खाली न जाता जीपीएसची रेघ धरावी, उताराची ओढ माणसाला भलत्याच सोंडेवर नेते. डोंगराला वळसा घालणारी 9 नंबरची वाट सव्वासहा हजारांच्या आसपास 183 नंबरच्या दक्षिण वाटेला छेदते. त्या फाट्यावर आलात की डावीकडे-उजवीकडे शोधत बसू नका, खाली जाणारी 183 धरा. तिथून गाडी सव्वा मैलावर आहे.